बोटीची वेळ

गेल्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला. मार्चच्या सुट्टीत ती, नवरा, दोन पोरं आणि सासूबाई असे सगळे गॅल्व्हस्टनहून क्रूझला निघालेत. धाकटं तिचं अडीच वर्षांचं. "तू मागे ती भलीमोठी एक्सेल शीट केली होतीस ना, तेवढी पाठव. मला डोकं चालवायला अजिबात वेळ नाहीये," म्हणाली. पाठवली. पाठवल्यावर सहज उघडून वाचली आणि आधी हसू आलं, मग जरा कसंसंच झालं. शीटमध्ये सगळं आहे. जे घडलं तेवढंच नाही. म्हणून हे लिहायला बसले. बाई गं, शीट वाचून झाली की हेही वाच..

आम्ही ह्यूस्टनला राहतो, गॅल्व्हस्टनचा धक्का घरापासून गाडीने तासाभरावर. डिसेंबर २०२३ मध्ये आई इथे आलेली होती. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि ती पहिल्यांदाच एकटी विमानात बसून आली होती. तिला कुठेतरी घेऊन जायचं होतं. पण तिचा गुडघा दुखतो, त्यामुळे खूप चालणं नको. चिरंजीव सात वर्षांचे, त्यांना सतत काहीतरी 'थरारक' हवं. आणि धाकटी सव्वातीन वर्षांची, जिला दुपारी एक वाजता झोप लागते म्हणजे लागतेच, मग ती जत्रेत असो की देवळात. या सगळ्यांना एकत्र बसवेल असा एकच प्रकार डोळ्यांसमोर आला, तो म्हणजे क्रूझ. सात रात्री. पहिले दोन दिवस नुसता समुद्र, मग जमैकातलं फालमथ, मग ग्रँड केमन, मग मेक्सिकोचं कोझुमेल, आणि परत समुद्र.

लोकांना वाटतं क्रूझ म्हणजे आयतं सगळं. जहाजावर ते खरंही आहे. पण बंदर आलं की सकाळी आठ वाजता तुम्हाला एका अनोळखी गावात सोडून देतात आणि सांगतात, साडेचारला परत या. मधले साडेआठ तास तुमचे. पोरं लहान असली की हे साडेआठ तास फार मोठे असतात, आणि त्याच वेळी फार थोडेही असतात.

जहाज कंपनीच्या सहलींची एक लांबलचक यादी असते. प्रत्येक सहलीसमोर ती सोपी, मध्यम की दमवणारी याची खूण, आणि अगदी बारीक अक्षरात किमान वय. मी आधी चकचकीत फोटो बघून खुणा करत सुटले. मग बारीक अक्षरं वाचली आणि निम्म्या खुणा पुसल्या. उरलेल्यांसाठी शीट. धक्क्यापासून किती लांब? बस, बोट की टॅक्सी? (टॅक्सीत लहान मुलांची सीट नसते, हे धरूनच चालायचं.) सावली आहे का? बाथरूम कुठे? आईला किती पायऱ्या? जहाजावरून फळं, शिजवलेलं अन्न खाली नेता येत नाही, तर पोरीला खायला काय? पाकीटबंद बिस्किटं चालतात, आईने केलेले बेसनलाडू नाही. ते ऐकून आई म्हणाली होती, "लाडवाने त्यांच्या देशाचं काय बिघडणार आहे?"

शेवटचा कॉलम मी सगळ्यात उशिरा घातला, आणि मला विचाराल तर तोच महत्त्वाचा. 'मधूनच परत येता येतं का?' चाळीस लोकांची कॅटामरान भर समुद्रात असताना तुमच्या पोरीने भोकाड पसरलं तर ती मागे वळत नाही. या एका प्रश्नावर नवऱ्याचं तुलुम बाद झालं. कोझुमेल हे बेट आहे, आणि तुलुमचे माया लोकांचे अवशेष पलीकडे मुख्य भूमीवर. म्हणजे जहाजातून उतरून फेरीत बसा, पाऊणएक तास हेलकावे खात प्लाया देल कारमेनला जा, तिथून तासभर बस, मग उन्हात चालणं, आणि हे सगळं उलटं परत. नवरा दोन दिवस फुगून बसला होता. मग म्हणाला, "अवशेष काय, पोरं मोठी होईपर्यंत टिकतील."

दुसरा वाद कंपनीच्या सहली घ्यायच्या की स्वतः जायचं, हा. कंपनीच्या महाग असतात, पण त्यांची बस अडकली तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढे पोचवायची जबाबदारी त्यांची. स्वतः गेलात आणि उशीर झाला तर जहाज खुशाल निघून जातं. मग पुढच्या बंदरापर्यंत विमानाने जा, तुमच्या खर्चाने. धक्क्यावर जिवाच्या आकांताने धावत येणाऱ्या लोकांचे व्हिडिओ नेटवर ढिगाने आहेत, आणि वर डेकवरून टाळ्या वाजवणाऱ्या बघ्यांचे पण. ते मी रात्री जागून बघितले. बघायला नको होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच भीती बसली. शीटच्या वरच्या ओळीत मी लाल अक्षरात लिहून ठेवलं, 'बोटीची वेळ! बोटीची वेळ!!'

कारण घड्याळाचाही एक घोळ असतो. हिवाळ्यात जमैका, केमन आणि कोझुमेल ही तिन्ही ठिकाणं गॅल्व्हस्टनच्या एक तास पुढे असतात. काही जहाजं प्रवासात आपली घड्याळं बदलतात, आमचं बदलणार नव्हतं. आठवडाभर गॅल्व्हस्टनचीच वेळ. चढताना आईने मनगट पुढे केलं. तिचं एचएमटीचं चावीचं घड्याळ आहे, पहिल्या पगारातून घेतलेलं, रोज सकाळी चावी देते. "हे बरोबर आहे ना गं?" मी म्हटलं, "हो, बोटीवर हीच वेळ राहणार आहे. हात लावू नकोस."

हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

फालमथ छान झालं. तिथून डन्स रिव्हर धबधबा तासाभराहून लांब, शिवाय निसरड्या दगडांवरून चढायचं, म्हणून तो मी आधीच खोडला होता. त्याऐवजी जवळच मार्था ब्रे नावाची नदी आहे, तिथे बांबूच्या लांब तराफ्यावर बसवतात. मागे दोन माणसांची बैठक, पुढे एकजण बांबूने रेटत नेतो. इंजिन नाही, आवाज नाही. नवरा नि मुलगा एकावर, मी, आई आणि मांडीवर धाकटी दुसऱ्यावर. पाच मिनिटांत ती झोपली ते तास-सव्वा तास उठलीच नाही. चिरंजीवांच्या मते हा सगळ्यात कंटाळवाणा दिवस. माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात चांगला तास :-)

परत येताना एका टपरीवर आईने भाजी ओळखली. 'कॅलालू' म्हणून कढईत काहीतरी हिरवं शिजत होतं. आईने वाकून बघितलं, देठ बघितलं आणि म्हणाली, "हा तर आपला माठ!" मला वाटलं, झालं हिचं सुरू. पण घरी येऊन शोधलं तर खरंच, जमैकात कॅलालू म्हणजे माठाच्याच जातीची भाजी. जमैकात १८४५ पासून आपल्याकडचे मजूर उसाच्या मळ्यांवर नेले होते, हे मला तोवर माहीत होतं. माठाचं नव्हतं.

ग्रँड केमनची मला धास्ती होती. तिथे मोठ्या जहाजांना धक्का नाही. जहाज लांब समुद्रात नांगर टाकतं आणि तिथून लहान बोटीने किनाऱ्यावर जायचं. समुद्र खवळलेला असेल तर कधीकधी बंदरच रद्द होतं. लहान बोटीत उतरायचं म्हणजे जहाजाच्या पोटातल्या दारातून एका हलत्या फळीवरून पलीकडे पाय टाकायचा. आईचा गुडघा, माझ्या कडेवर पोरगी. आदल्या रात्री मी आईला म्हटलं, आपण दोघी जहाजावरच राहू या का? ती म्हणाली, "बघू सकाळी."

सकाळी दारापाशी आमचा नंबर आला. खालची बोट हातभर वर येत होती, हातभर खाली जात होती. दोन खलाशी दोन्हीकडून कोपराखाली धरायला तयार. मी अडखळले. मागून आई शांतपणे म्हणाली, "थांब. लाट वर येऊ दे. वर आली की टाक पाय. खाली जाताना टाकायचा नाही." मी टाकला. ती माझ्या मागून आली, गुडघ्याला पट्टा बांधलेला, आणि माझ्यापेक्षा सफाईने उतरली. खलाशाने तिच्याकडे बघून अंगठा दाखवला.

बोटीत बसल्यावर तिने सांगितलं. ती सहा वर्षांची असेल, म्हणजे १९५७ च्या सुमाराची गोष्ट. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने विजयदुर्गला, आजोळी. कोकणातल्या बहुतेक बंदरांना आगबोट लागायचीच नाही, ती लांब उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि माणसं, ट्रंका, वळकट्या, करंड्या सगळं त्यात उतरायचं. माझी आजी नऊवारीत, पोटाशी तान्हा मामा, मागे आई आणि मावशी. तान्ह्या मामाला एका खलाशाने वरून दुसऱ्याकडे दिलं, दुसऱ्याने पडावातल्या तांडेलाकडे. आईलाही तसंच, काखेत हात घालून उचललं आणि दिलं. "मधे क्षणभर मी कोणाच्याच हातात नव्हते," आई म्हणाली, "खाली नुसतं हिरवं पाणी दिसलं होतं." आणि तांडेल आजीला ओरडून सांगत होता, वयनी, लाट वर येऊंदे, मगे पाय टाक.

मी चाळिशी ओलांडली तरी ही गोष्ट मला कधी ऐकू आलेली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "कधी विषयच निघाला नाही."

त्या दिवशी नवरा आणि मुलगा स्टिंग रे बघायला गेले. भर समुद्रात वाळूचा उथळ पट्टा आहे, तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि ते मोठे चपटे मासे पायांवरून घासून जातात. कमरेएवढं म्हणजे मोठ्यांच्या. धाकटीच्या ते डोक्यावरून गेलं असतं, म्हणून आम्ही तिघी सेव्हन माइल बीचवर. (नावात सात मैल आहेत, पण कोणीही मोजलं तरी सात भरत नाहीत म्हणे.) धाकटी पाण्याकडे फिरकली नाही. तिला समुद्राची भीती वाटते. लाट पायाला लागली की किंचाळते. दिवसभर माझ्या कडेवरून समुद्र बघत होती. घाई करायची नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

कोझुमेलला मी सगळ्यात निवांत होते. शेवटचं बंदर, जहाज थेट धक्क्याला लागलेलं. बेटाचा पूर्वेचा किनारा उघडा आणि खवळलेला, पश्चिमेचा शांत. त्यामुळे पश्चिमेकडचाच एक किनारा निवडला होता. टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं, छत्र्या, खुर्च्या, बाथरूम, खायला-प्यायला. शीटमधल्या सगळ्या कॉलमना बरोबरची खूण होती.

आणि तिथे धाकटी पाण्यात गेली. म्हणजे अगदी आत नाही, ओल्या वाळूत बसली. आई तिच्याशेजारी पाय पसरून बसली होती. दोघींचं 'आजीचं घर' बांधणं चाललं होतं. अंगण, विहीर, तुळशीवृंदावन. आई सांगत होती आणि ती थापत होती. एक पातळशी लाट आली आणि तिच्या पायांवरून गेली. मी श्वास रोखला. ती किंचाळली नाही. तिने आजीकडे बघितलं, आजी म्हणाली, "विहिरीला पाणी आलं." पोरगी खदखदून हसली आणि पुढच्या लाटेची वाट बघायला लागली.

मी फोटो काढला. आणि हा फोटो बहिणीला पाठवावा म्हणून फोन एअरप्लेन मोडमधून बाहेर काढला. जमैकात आणि केमनला फोन बंदच ठेवला होता, कारण तिथे रोमिंगचे पैसे पडतात. मेक्सिको आमच्या प्लॅनमध्ये फुकट. फोटो गेला. वर कोपऱ्यात वेळ दिसली. चार वाजून पाच मिनिटं.

साडेचारला जहाजावर हजर व्हायचं होतं.

त्यानंतरची दहा मिनिटं मला आठवायला आवडत नाहीत. मी किंचाळून नवऱ्याला पाण्यातून बाहेर बोलावलं. तो आणि मुलगा तोंडाला नळी लावून लांब पोहत होते, त्यांना ऐकूच जाईना. बॅगा कोंबल्या. पोरीला बखोटीला धरून उचललं. तिला काही कळेना, ती ओरडायला लागली, "विहीर! विहीर!" आई उठायचा प्रयत्न करत होती. वाळूतून उठणं तिच्या गुडघ्याला सगळ्यात कठीण. हात टेकत ती म्हणाली, "अगं, पण माझ्या घड्याळात तीन वाजून पाचच मिनिटं झालीत."

मी म्हणाले, "आई, तुझं घड्याळ ह्यूस्टनचं आहे! इथे एक तास पुढे आहे. जरा लवकर उठ ना. तुझ्यामुळे बोट चुकेल आता."

तुझ्यामुळे. हा शब्द मी वापरला. आजूबाजूच्या खुर्च्यांवर माणसं होती. त्यांना मराठी येत नसणार, पण आवाज सगळ्या भाषांत कळतो. आई काही बोलली नाही. उठली आणि चपला हातात घेऊन वाळूतून जवळजवळ पळत टॅक्सीपर्यंत आली. टॅक्सीत कोणी बोललं नाही. धाकटी हुंदके देत आजीच्या मांडीवर, दोघींचे कपडे ओले, वाळूने भरलेले. मी दर मिनिटाला फोन बघत होते.

धक्क्यावर पोचलो तर तिथे जत्रा भरलेली. लोक आरामात टोप्या विकत घेतायत, फोटो काढतायत, पाय पसरून बसलेत. कोणी धावत नाही. मला वाटलं, हे दुसऱ्या जहाजाचे असणार. तपासणीच्या दारापाशी घड्याळ लावलेलं होतं. तीन चौतीस. तिथल्या माणसाने आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि हसून सांगितलं की अजून जवळजवळ तासभर आहे, सावकाश या.

फोन तिथल्या नेटवर्कला जोडला गेल्याबरोबर कोझुमेलची वेळ दाखवायला लागला होता. बोटीची वेळ ह्यूस्टनचीच होती. आईच्या मनगटावरची. जी मीच तिला 'हात लावू नकोस' म्हणून सांगितली होती.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता मुलाला घेऊन दुकानं बघायला गेला. सतरा वर्षांच्या संसारात काही न बोलण्याचे त्याचे प्रसंग मोजके आहेत, हा त्यातला एक. आई बाकावर बसून गुडघा चोळत होती. धाकटी दमून तिच्या कुशीत झोपली होती, मुठीत अजून थोडी वाळू. मला तिथे उभं राहवेना. सॉरी म्हणायची आमच्यात पद्धत नाही. आईला कधी म्हटल्याचं आठवत नाही, तिनेही मला. मी जाऊन दोन आइस्क्रीम आणली आणि एक तिच्यापुढे धरलं.

आईने घेतलं. निम्मं खाल्ल्यावर म्हणाली, "एकदा परतीच्या वेळी विजयदुर्गला रात्रभर बोटीची वाट बघत बसलो होतो. बोट यायची कधी, काही ठरलेलं नाही. आज येईल, उद्या पहाटे येईल. आई तिघांना घेऊन ट्रंकेवर बसलेली. मी नुसतं विचारलं, बोट आली का? तर तिने पाठीत असा धपाटा घातला! काही केलं नव्हतं मी."

"मग?"

"मग काय. थोड्या वेळाने ट्रंक उघडून लाडू काढून दिला." आईने आइस्क्रीमच्या कांडीकडे बघितलं आणि हसायला लागली. मलाही हसू आलं, आणि मग दुसरंच काही यायला लागलं म्हणून मी उठून कागद फेकायला गेले.

जहाज साडेपाचला म्हणजे पाचला सुटलं.. बघा, अजून माझा घोळ होतोच. जहाजाच्या घड्याळाप्रमाणे पाचला. डेकवर उभं राहून बघितलं तर खरंच एक जोडपं धक्क्यावरून धावत येत होतं, आणि वरून लोक टाळ्या वाजवत होते. आई म्हणाली, "टाळ्या कसल्या वाजवतात मेले." ते दोघं पोचले.

आई परत जायच्या आधी, जानेवारीत एका रविवारी, आम्ही गॅल्व्हस्टनच्या किनाऱ्यावर गेलो. वारा गार, पाणी मातकट. माझ्या मनात काय होतं ते उघड आहे. पण धाकटी पाण्याजवळ यायला तयार नाही. लाटेचा आवाज ऐकूनच माझ्या गळ्याला मिठी मारून बसली. खूप लांब, कोरड्या वाळूत एकदाची उतरली. कोरड्या वाळूचं घर काही होईना, सारखं ढासळत होतं. मग आईने पर्समधून प्यायच्या पाण्याची बाटली काढली आणि तिच्यासमोर थोडंथोडं ओतायला लागली.